आधी गट नंबर, मग पणजोबा : तालुक्याच्या जुन्या दप्तरातून वंशावळ शोधताना

पणजोबांचं नाव धोंडी, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं की भांडण. आत्या म्हणायची राणू, चुलते म्हणायचे रामू. आजोबांचं नाव रामचंद्र, म्हणजे ते आजोबांच्या आजोबांवरूनच ठेवलं असणार, हा चुलत्यांचा हुकमाचा एक्का. शेवटी सोक्षमोक्ष लावायला मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमच्या दारात उभा राहिलो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव राहू द्या. गट नंबर सांगा." शेताचा हा सरकारी क्रमांक माझ्याकडे नव्हता. एक रजा फुकट गेली.

पण तो कारकून बरोबर होता, हे कळायला मला पुढचं वर्ष लागलं. ही दप्तरं माणसांची नाहीत, जमिनीची आहेत. सरकारला आपल्या कुळात काडीचाही रस नव्हता. सारा कोणाकडून वसूल करायचा एवढंच त्याला हवं होतं. त्या वसुलीपायी आपल्या खापरपणजोबांचं नाव कागदावर आलं. म्हणून माणूस शोधू नका. जमीन शोधा, माणूस तिच्या मागोमाग येतो.

मी साताऱ्याकडचा, त्यामुळे खालचं बरंचसं जुन्या मुंबई इलाख्याच्या पद्धतीचं आहे. मराठवाडा आणि विदर्भ जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी घरातली ट्रंक उघडा

कचेरीत जाण्यापूर्वी दोन रविवार घरात घालवा. शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, खरेदीखतं, जुन्या लग्नपत्रिका, पोथीच्या शेवटच्या पानावरच्या जन्मवेळा, सगळं बाहेर काढा. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडीही उतरवा. आमच्या एका घंगाळावर आजीच्या वडिलांचं नाव, गाव आणि तारीख कोरलेली निघाली. ती माहिती दुसऱ्या कुठल्याच कागदात नव्हती.

म्हाताऱ्या माणसांना "खापरपणजोबांचं नाव काय?" असं विचारू नका, उत्तर येत नाही आणि त्यांना उगाच ओशाळल्यासारखं होतं. शेतांची नावं विचारा. माळाचं, पट्टीचं, इनामाचं, चिंचेचं. कोणतं शेत कुणाच्या वाट्याला गेलं? वाटण्या कधी झाल्या, दुष्काळाच्या आधी की नंतर? कोण मुंबईला गिरणीत गेलं आणि परत आलंच नाही? कोण दत्तक गेलं? हा शेवटचा प्रश्न मी विचारला नाही. त्याची शिक्षा पुढे भोगली.

२. गाव त्या काळी कुणाच्या ताब्यात होतं?

आजचा जिल्हा बघून निघालात तर चुकीच्या दारात उभे राहाल. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत. लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून निघाला, नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून, पालघर २०१४ साली ठाण्यातून. सांगली जिल्ह्याचं आधीचं नाव दक्षिण सातारा. तालुकेही फुटले आहेत. नवा तालुका झाला तेव्हा जुनी दप्तरं नव्या कचेरीत आली की जुन्याच जागी राहिली, हे आधी फोन करून विचारा.

गाव संस्थानात असेल तर प्रकरण आणखी वेगळं. आमचं गाव इंग्रजी मुलखात आणि चार कोसांवरचं आजीचं माहेर औंध संस्थानात, त्यामुळे एकाच घरातल्या दोन बाजूंचे कागद दोन तऱ्हांचे. कोल्हापूर, फलटण, भोर, जत, सावंतवाडी, जव्हार, सगळीकडे हेच. कोल्हापूरचं दप्तर तिथल्या पुराभिलेखागारात आहे. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, म्हणून तिथले जुने कागद बऱ्याचदा उर्दूत आहेत. खासरा पत्रक, पहाणी पत्रक, शेतवार ही नावं घेऊनच विचारा. नागपूरकडे मालगुजारीचा प्रदेश, म्हणजे सारा मालगुजारामार्फत वसूल होई; तिथे बंदोबस्त मिसल, पी-१ आणि कोटवाराच्या (गावच्या पहारेकऱ्याच्या) नोंदी मागाव्या लागतात. कोकणात खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत गोळा करून सरकारात भरे, त्यामुळे खोताचं नाव एकीकडे आणि कसणाऱ्याचं दुसरीकडे अशी दोन्ही तपासावी लागतात.

३. सोबत काय न्यायचं

- सगळ्या शेतांचे चालू सातबारे आणि ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा). शेत विकलं असेल तरी त्याचा गट नंबर घ्याच.
- ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स.
- कोर्ट फीची तिकिटं. कचेरीबाहेर मिळतात, पण नेमकी दुपारी संपलेली असतात.
- सुटे पैसे, शोध आणि नकलेच्या फीसाठी.
- वही आणि पेन्सिल. जुन्या रजिस्टरापाशी शाईचं पेन काढूच नका.
- भिंग, नाकाला बांधायला रुमाल, पाण्याची बाटली (ती बाहेर ठेवायची).
- एका कागदावर मोठ्या अक्षरात गाव, जुना तालुका, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर आणि हवी असलेली साधारण वर्षं. बोलण्यापेक्षा हा कागद पुढे केला की काम लवकर होतं.

मोबाईलनं फोटो काढण्याआधी विचारा. काही ठिकाणी हसून हो म्हणतात, काही ठिकाणी रजिस्टर मिटवतात.

४. फेरफाराची साखळी धरून मागे चला

निम्म्याहून जास्त वेळ इथे जाणार आहे, आणि जावाच.

सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात किंवा कंसात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी गेली त्याची हकीकत गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार रजिस्टरात, त्या क्रमांकाखाली लिहिलेली असते. वारसाच्या नोंदींसाठी ६क हे वेगळं रजिस्टरही असतं. संगणकावरचा सातबारा फार मागे जात नाही. हाताने लिहिलेले जुने सातबारे मागा, त्यावरचे कमी केलेल्या नावांचे क्रमांकही उतरवून घ्या. खोडलेलं, कंसात टाकलेलं नाव हेच आपल्या कामाचं.

वारस नोंदीचा मजकूर साधारण असा असतो (शब्दांचे अर्थ पुढच्या पायरीत): "खातेदार गणू बिन सखाराम हे अमुक तारखेस मयत. वारस मुलगे १. सखाराम, २. भाऊ अज्ञान, अ.पा.क. आई साळू कोम गणू. मुलगी चंद्रा, लग्न होऊन सासरी नांदते." अडीच ओळी. पण त्यात मृत्यूची तारीख आली, बायको आली, तीन मुलं आली, धाकटा अजून सज्ञान नव्हता हे आलं, आणि गणूचा बापही आला. जबाब देणाऱ्यांची, पंचांची नावं असतील तर तीही घ्या. ते बहुतेक भाऊबंदच निघतात.

मुलींची नावं जुन्या नोंदीत एक तर नसतातच, किंवा 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली असतात. तो रकाना कर्ज-बोज्यांचा समजून लोक वगळतात. वगळू नका.

आता मोठा खड्डा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव योजना राबवल्या गेल्या आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. साखळी इथेच तुटते, आणि बरेच जण "पुढचं रेकॉर्ड नाही" असं समजून घरी जातात. रेकॉर्ड असतं, फक्त नंबर बदललेला असतो. त्यासाठी तहसील सोडून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा आणि एकत्रीकरणाचा जबाब, ज्याला तिथे '९(३), ९(४) चा उतारा' म्हणतात, तो मागा. जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि त्यावरून झालेला गट त्यात मिळतो. तो सर्व्हे नंबर घेऊन पुन्हा तहसीलला. हेलपाटा आहे, पर्याय नाही.

सर्व्हे नंबर हाती आला की रस्ता लांबवर जातो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून त्यानंतरच्या काळातले फेरफार मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. सातबाऱ्याच्या आधीचं कडईपत्रक मिळालं तर त्यात हिश्शांसकट धारकांची नावं असतात. त्याहून मागे भूमी अभिलेखकडची प्रतिबुकं, शेतवार पत्रकं आणि क्लासर रजिस्टर. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी मोजणी सुरू केली, तिच्याच पुढच्या फेऱ्यांतून हे कागद तयार झाले. आमच्या घराण्याचं सगळ्यात जुनं नाव मला अशाच एका प्रतिबुकात, मोडीत, कसरीनं अर्ध्या खाल्लेल्या पानावर सापडलं.

कुळकायद्याचेही कागद बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं आणि पुढे त्या कायद्याच्या कलम ३२ग खाली चौकश्या झाल्या. त्या फायलींमध्ये जमीनमालकाचा आणि कुळाचा, दोघांचेही जबाब असतात. घरातले लोक स्वतःच्या तोंडून बोलल्यासारखे भेटतात ते फक्त इथे.

५. नावं वाचायची रीत

'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'मर्द' किंवा 'भ्रतार' आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. हे दिसलं की समजा, नाव एकाचं असलं तरी मागे तीन-चार भाऊ उभे आहेत. 'किता' म्हणजे वरचंच पुन्हा.

आडनाव शोधत बसू नका. जुन्या नोंदीत ते बऱ्याचदा नसतंच, आणि असलं तरी 'पाटील', 'कुलकर्णी', 'चौगुला' हे आडनाव की हुद्दा हे पानावरून सांगता येत नाही.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली चाल. १९१८ च्या एका नोंदीत "रामू बिन धोंडी" दिसले. मी आनंदानं आजोबांचं नाव म्हणून वहीत चढवलं. चार महिने त्या पायावर पुढची वंशावळ रचली. मग शाळेच्या रजिस्टरात आजोबांचा जन्म सापडला: १९२२. म्हणजे जन्माआधी चार वर्षं आजोबा सारा भरत होते! तो रामू आजोबांचे आजोबा होते. नाव तेच, बापाचं नावही तेच. तेव्हापासून मी प्रत्येक नावाबरोबर तीन गोष्टी जुळवतो: सर्व्हे नंबर, बायकोचं नाव आणि साल. तिन्हींतल्या दोन जुळल्या नाहीत तर तो माणूस वेगळा.

६. मोडीचं काय करायचं

घाबरू नका, पण टाळताही येणार नाही. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणारा कुलकर्णी घाईत. तरी सगळी लिपी यायलाच हवी असं नाही. गावाचं नाव, घरातली पाच-सहा नावं, 'बिन', 'मयत', 'वारस' एवढी रूपं गिरवून डोळ्यांत बसवा. पानावर आपलं काही आहे की नाही, इतकं तरी कळतं. पुराभिलेख विभागाचे आणि काही संस्थांचे मोडीचे छोटे वर्गही असतात. वाचकाकडून वाचून घेणार असाल तर त्याला फक्त आपल्या नावाची ओळ पाठवू नका. आख्खं पान द्या, आणि मागचं-पुढचंही. एकाच हाताची चार अक्षरं शेजारी असली की पाचवं लागतं. आमच्या पानावरचं 'णू' की 'मू' हे त्याच पानावरच्या 'पुणे' आणि 'मौजे' वरून ठरलं.

७. सन मोजताना

फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो: फसली १३२० म्हणजे १९१०-११. शकात ७८ मिळवा. फसलीचं वर्ष आपल्याकडे मृगाला सुरू होतं, निजामाच्या राज्यात ऑक्टोबरात, आणि तिथल्या कागदांत आजुर, दै, बहमन असे महिने येतात. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तोही आकड्यात नव्हे तर अरबी शब्दांत. त्यासाठी जाणकार गाठा. वहीत नेहमी मूळ सन आधी लिहा, इसवी सन नंतर. मी उलट केलं आणि दोन ठिकाणी कशात काय मिळवलं होतं ते आज मलाच आठवत नाही.

८. जमीन नव्हती त्यांच्यासाठी

मी वर जमीन-जमीन केलं, पण गावातल्या कितीतरी घरांच्या नावावर ढेकूळही नव्हतं. त्यांचा माग तीन ठिकाणी लागतो.

पहिलं, जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर. पोलीस पाटलाकडून आलेल्या या नोंदींना 'गाव नमुना १४' म्हणतात. आजच्या नमुना १४ चा विषय पाणीपुरवठ्याची साधनं हा आहे, म्हणून मागताना "जुना चौदा, जन्म-मृत्यूचा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर विहिरींची यादी हातात पडेल. यात बाळाचं नाव बहुधा नसतं. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. त्यामुळे भावंडांतलं कोणतं ते इतर कागदांवरून ठरवावं लागतं.

दुसरं, शाळेचं जनरल रजिस्टर. लोकल बोर्डाच्या जुन्या शाळांची रजिस्टरं आजच्या जिल्हा परिषद शाळेतच असतात. मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि परीक्षेचे, सहामाहीचे दिवस टाळा. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी मानू नका. गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजानं टाकलेली असते. साल मात्र बरंच जवळपास असतं.

तिसरं, वतनाचे कागद. महार वतन, रामोशी, इतर कनिष्ठ गावकामगार यांच्या वतनी जमिनींच्या नोंदी वेगळ्या ठेवलेल्या असत, आणि १९५८ च्या कायद्यानं ही वतनं गेली तेव्हा पुन्हा याद्या झाल्या. त्यांत वतनदारांची सगळी भावकी सापडते. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनांचंही तसंच.

९. अर्ज, नक्कल आणि "आढळ होत नाही"

पहिल्या भेटीत नक्कल मागू नका, पाहणी मागा. काय हवं हे नक्की झालं की पान क्रमांकासह नकलेचा अर्ज करा. अर्जावर कारण लिहा: 'कौटुंबिक वंशावळीसाठी'. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी रेकॉर्ड रूमवर झुंबड उडाली आहे, जुन्या पानांवर खाडाखोड करणारेही भेटतात, त्यामुळे कर्मचारी सावध असतात आणि ते योग्यच आहे. त्याच शोधमोहिमेत अनेक जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली आहेत. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरही काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख दिसतात. आधी ते घरी बसून चाळा.

सगळंच टिकलेलं नसतं. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात: 'अ' कायमचं, 'ब' तीस वर्षांचं, पुढचं त्याहून कमी. फेरफार, सातबारा कायमचे. म्हणून "जुनं आहे, नष्ट केलं असेल" हे उत्तर त्यांच्या बाबतीत घेऊ नका. उत्तर तोंडी न घेता लेखी मागा. मला एका कचेरीतून 'रेकॉर्ड आढळ होत नाही' असं पत्र आलं. कोणती रजिस्टरं, कोणत्या सालची पाहिली ते माहितीच्या अधिकारात विचारलं (अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत), तेव्हा तेच रजिस्टर शेजारच्या गावाच्या लाल रुमालात बांधलेलं निघालं. कुणाची लबाडी नव्हती. गठ्ठा बांधणाऱ्यानं गावाचं नाव खुर्द ऐवजी बुद्रुक वाचलं होतं.

दारात "साहेब, मी काढून देतो" म्हणणारा एजंट भेटेल. तो तुम्हाला हवं ते नाव असलेला कागद आणून देईल, आणि गडबड नेमकी तीच आहे.

१०. निबंधकाकडचं दार

शोध कुठे अडलाच तर दुय्यम निबंधक कार्यालय. खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत पुस्तक १ मध्ये. त्याची सूची १ नावावरून, सूची २ मिळकतीवरून. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये. बाकीचं किरकोळ पुस्तक ४ मध्ये, आणि त्याची नक्कल फक्त दस्तातल्या पक्षकारांना किंवा त्यांच्या वारसांना मिळते. वारस असल्याचं कशावरून दाखवणार? चौथ्या पायरीत गोळा केलेल्या वारस-फेरफारांच्या नकला इथे लावायच्या.

मला इथे यावं लागलं, कारण कागद एकमेकांशी भांडायला लागले होते. शाळेच्या रजिस्टरात १९०८ साली पणजोबा "धोंडी राणू". १९२७ च्या फेरफारात "रामू बिन धोंडी मयत, वारस मुलगा धोंडी". दोन्ही अस्सल, दोन्ही नकला शिक्क्यानिशी. पुस्तक ४ मध्ये १९११ चं दत्तकपत्र निघालं. राणू आणि रामू सख्खे भाऊ. रामूला मूल नव्हतं, म्हणून त्यानं भावाचा दहा वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला.

११. लिहून ठेवायची पद्धत

प्रत्येक नावासमोर कागद लिहा: कचेरी, रजिस्टर, गाव, क्रमांक, पान, पाहिल्याची तारीख. ऐकीव नाव पेन्सिलनं, कागदावरचं शाईनं. सोबत नाशिक-त्र्यंबकच्या आपल्या तीर्थोपाध्यायांची वही एकदा पाहा. ती सरकारी नाही, पण गाव आणि आडनाव सांगितलं की यात्रेला आलेल्या पूर्वजांची भावंडांसकट नावं निघतात, आणि फेरफाराशी ताडून पाहायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही.

माझ्या वहीत आता असं आहे: "धोंडी. जनक बाप राणू (शाळा जनरल रजिस्टर, १९०८). दत्तक बाप रामू (दत्तकपत्र, पुस्तक ४, १९११, वारस फेरफार, १९२७)." हे पान आत्याला दाखवलं. चष्मा पुसत ती म्हणाली, "मी म्हणतच होते." संध्याकाळी चुलत्यांना दाखवलं. तेही हेच म्हणाले.